उन्हाला पारखी झालेली जाई

मंडळी, ऐका! आज एकच गोष्ट विचारतो. मायेनं कुणाचं वाईट होतं का? जीव लावता लावता, आजीच्या हातून लेकराचं नुकसान होईल का? — नाही म्हणताय? मागचे आजोबा तर दोन्ही हात हलवतायत! बसा आजोबा, बसा. आधी ऐका, मग हलवा!

बार्शीत एक तुळसाक्का होती. तोंडानं फटकळ, आतून लोणी! मुलगा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कामाला; सून पद्मा घरी पापड लाटायची. आणि एक लेक होती, शांता. रंगानं सावळी. पाहुणे बघायला यायचे, पोहे खायचे — पोहे पोटभर खायचे बरं का! — आणि मग निरोप यायचा, “मुलगी जरा काळी आहे.” अहो, आणि हेच लोक देवळात जाऊन मिठी कुणाच्या पायांना मारायचे? काळ्याच्याच!

शांता दाराआड उभी राहून सगळं ऐकायची. पुढं चांगलं घर मिळालं तिला. पण आईच्या काळजातला काटा काही निघाला नाही.

मग पद्माच्या पोटी नात झाली. नाव ठेवलं जाई — आणि रंग जांभळाचा! तुळसाक्कानं तिला छातीशी धरलं, कानात म्हणाली, “तुला नाही गं कुणी नको म्हणणार. उन्हाचं बोटसुद्धा लागू देणार नाही मी!”

आणि नाहीच लागू दिलं! खिडकीला जाड पडदा. बाहेर न्यायची तर कुंची, दुपटं, वरून आजीचा पदर.

पद्मा म्हणायची, “आत्या, जरा अंगणात नेऊ का हिला?”

“नको गं बाई, काळवंडेल! पोटुशी होतीस तेव्हा नाही जाऊ दिलं, आताही तू नको जाऊस. पापड मी टाकते गच्चीवर.”

बघा मंडळी! सोलापूर जिल्हा — जिथं उन्हात पापडच काय, माणूस वाळतो! तिथं पापडांना ऊन मिळत होतं, लेकराला नाही!

जाई वर्षाची झाली, दीड वर्षाची झाली. उभी राहीना. धरून उभी केली की पाय थरथरायचे, पोर कळवळून रडायची. तुळसाक्कानं मीठमोहऱ्या ओवाळल्या, दृष्ट काढली. शेवटी पद्माच म्हणाली, “आत्या, दवाखान्यात नेऊ या.”

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जाईची मनगटं चाचपली, पाय बघितले, हाडांचा फोटो काढला, रक्त तपासलं.

“आजी, हाडं मऊ राहिलीत. पाय वाकायला लागलेत.”

“कुणाची नजर लागली हो—”

“नजर नाही. ड जीवनसत्त्व कमी पडलंय. ते अंगात उन्हानं तयार होतं. पोटात असताना बाळाला ते आईकडून मिळतं, पण इथं आईच कोरडी! नुसत्या अंगावरच्या दुधानं ते भरून निघत नाही. आणि सावळ्या कातडीला तर ऊन जास्त लागतं.”

“जास्त लागतं?”

“हो आजी. जास्त.”

तुळसाक्का बाहेर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. जिला ऊन सगळ्यांत जास्त हवं होतं, तिच्याच तोंडचं आजीनं काढून घेतलं होतं! “पद्मा,” ती म्हणाली, “मी केलं गं हे. माझ्या हातानं केलं.”

सून काय बोलली असेल? बोलायचं म्हटलं तर पुष्कळ होतं! पद्मा तिच्याशेजारी बसली. “आत्या, माझीही हाडं ठणकायची, मी कधी सांगितलं नाही. आणि तुम्ही तर पोरीला मांडीवरून खाली ठेवली नाही कधी. उठा. औषध घेऊन घरी जाऊ.”

दोघी मायलेकींना औषध सुरू झालं — बाईंनी सांगितलं तेवढंच, मनानं थेंब वाढवायचा नाही! आणि रोज ऊन. तुळसाक्कानं विचारलं, “सकाळचं कोवळं?” बाई म्हणाल्या, “कोवळं गोड असतं, पण या कामाला दहा-अकराचं लागतं. थोडाच वेळ. भाजू द्यायचं नाही.”

आता अंगणात तुळसाक्का पाय पसरून बसायची, पायांवर उघडी जाई. पहिल्या दिवशी आजीचा हात सवयीनं पदराकडे गेला... आणि तिनं तो मागं घेतला. हे सोपं नसतं मंडळी! वर्षानुवर्षांचं भय असतं त्या हातात!

महिने गेले. एका सकाळी जाईनं आजीचा खांदा धरला, उठली — आणि खांदा सोडला!

शेजारची पारूबाई कुंपणावरून म्हणाली, “अगं बया, पोर काळी ठिक्कर पडली की!”

तुळसाक्काचे डोळे वाहत होते. म्हणाली, “पडली असंल. पण पारू, बघ की — उभी आहे!”

आता माझ्या मायबापांनो, घरी जाल तेव्हा बघा. चौथ्या मजल्यावर म्हातारे वडील आहेत — “पडाल” म्हणून आपणच त्यांना कोंडलंय. बाळंतीण आहे, तिच्या खोलीचा पडदा आपणच ओढलाय. दिवसभर दुकानात दिव्याखाली उभी राहणारी पोर आहे, अंगभर झाकून वावरणारी माउली आहे. दुखतंय म्हणतील, तर “वयच झालं” म्हणून उडवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि उद्या दहा वाजता एकाचा तरी हात धरा. म्हणा — चल, जरा बाहेर बसू. मी आहे सोबत.

एवढं बोलणं त्या सावळ्याच्या पायांशी ठेवतो. नाव घ्या त्याचं — मोकळ्या गळ्यानं घ्या!