दार कुणी वाजवलं

मॅडम : एकच तर वाक्य आहे. “दारावर बाहेरून थाप पडली, म्हणून मी गोंधळले.” पुढचं मी बघते.

मास्तरीण : थाप पडली नव्हती.

मॅडम : तुला ऐकू आली नसेल.

मास्तरीण : ऐकूच आली नाही, तर तिच्यामुळे गोंधळले कशी?

मॅडम : उगाच नाही तुला सगळे मास्तरीण म्हणत. अगं, चौकशीला बसलेली माणसं आपलीच आहेत. आत्ता बोलावतील तुला. तुला घरी बसवायची त्यांना हौस नाही. त्यांना कारण हवंय.

मास्तरीण : कारण आहे ना. विमान थांबलं, कॅप्टनचा हुकूम आला, दाराची स्लाइड बंद करा. मला छोटा खटका वर करायचा होता. मी मोठा दांडा वर केला. दार उघडलं, संकटकाळी उतरायची ती स्लाइड फुगून बाहेर पडली आणि खाली शिडी घेऊन आलेल्या माणसाला तिनं फेकून दिलं. यात न कळण्यासारखं काय आहे?

मॅडम : हे असंच आत सांगितलंस, तर उद्यापासून घरी.

मास्तरीण : माहीत आहे.

मॅडम : तोंडानं म्हणायला सोपं असतं. आई तुझ्यावर, घर तुझ्यावर. आणि विमान सोडून तुला दुसरं येतं काय? सुट्टीच्या दिवशीसुद्धा आकाशात आवाज आला की मान वर करतेस तू.

मास्तरीण : आईला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, बाकीचं नंतर, आधी त्या माणसाला बघून ये.

मॅडम : तू दवाखान्यात गेली होतीस? कुणी भेटायचं नाही, अशी सूचना आहे.

मास्तरीण : सूचना वाचली. मग गेले.

मॅडम : कसा आहे?

मास्तरीण : खुबा मोडलाय. डोक्याला टाके आहेत. बायको उशाशी बसली होती. मला वाटलं, शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. तिनं उठून मला खुर्ची दिली.

मॅडम : बघ. त्यांच्याही मनात काही नाही.

मास्तरीण : मनात नाही, कारण तुमची माणसं माझ्याआधी पोचली होती. फळांची करंडी घेऊन. त्याला त्या सकाळचं काही आठवत नाही, शिडी ढकलत होतो एवढंच. त्याला सांगून आलेत की दार तू वाजवलंस. त्याला ते खरं वाटतंय, मॅडम. माझे हात धरून म्हणाला, “चुकलं माझं, ताई. माझ्यापायी तुमच्या नोकरीवर आलं.” माझ्या हातानं जायबंदी झालेला माणूस माझी माफी मागत होता.

मॅडम : मी नव्हतं पाठवलं त्यांना.

मास्तरीण : अडवलंतही नाही.

मॅडम : हे बघ, तो ठेकेदाराचा माणूस आहे. ठेकेदार त्याचं बघून घेईल.

मास्तरीण : ठेकेदार त्याला काढून टाकेल. स्लाइड बंद झाल्याचा हिरवा दिवा लागायच्या आत दाराला हात लावणाऱ्याला पुन्हा कामावर घेत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. माणूस ठेकेदाराचा असेल. दार कुणाचं होतं?

मॅडम : चढ्या आवाजात बोलू नकोस.

मास्तरीण : आवाज चढलेला नाही. तुम्हाला लागतंय, म्हणून मोठा वाटतोय.

मॅडम : तुझ्याकडून हे झालंच कसं, हे मला अजून पटत नाही. नव्या पोरींना मी तुझं उदाहरण द्यायचे.

मास्तरीण : कसं झालं ते तुम्हाला चांगलं कळतंय. दाराला हात लावायच्या आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. ज्याला हात लावणार त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मग हात पुढे. ही शिकवण कुणाची?

मॅडम : माझी.

मास्तरीण : पोरं हसायची, “मॅडम, प्रार्थना पण म्हणू का?” तुम्ही म्हणायचात, खुशाल हसा, पण हात मागे. आता हात मागे बांधायचे कसे? विमान थांबलं रे थांबलं की कचरा उचलायला लागा, म्हणजे पुढची फेरी लवकर सुटेल. हुकूम आला तेव्हा माझ्या डाव्या हातात कचऱ्याची पिशवी होती. खटका डावीकडे. रिकामा हात उजवा, आणि त्याच्यासमोर दांडा.

मॅडम : पिशवीचा निर्णय वरून आला होता.

मास्तरीण : वरून आला आणि तुमची सही घेऊन खाली उतरला.

मॅडम : मी विरोध केला होता. मीटिंगमध्ये बोलले मी.

मास्तरीण : आणि मग?

मॅडम : मग चहा आला.

मास्तरीण : पिशवी खाली टाकायची अक्कल माझ्याकडे असायला हवी होती, तेही मी आत सांगणार आहे. माझी चूक मी कुणाला देत नाही. पण या चुकीत मी आहे, ती पिशवी आहे, तुमची सही आहे. खाली उभा असलेला तो माणूस यात बसतो कुठे?

(गवई येतो. हातांत कागदी कपांतला चहा.)

गवई : यंत्रातला आहे, नावं ठेवायची नाहीत. मास्तरीणबाई, हा तुमचा बिनसाखरेचा. पेपर बघितला का? “हवाई सुंदरीने उघडली घसरगुंडी.” म्हणजे आपण तिथं बाग काढून बसलोय.

मॅडम : तुला आत्ताच बोलावलंय?

गवई : समोरच्या दाराला मीच होतो ना, मॅडम. घोषणा गाऊन म्हणतो म्हणून अख्खी कंपनी गवई म्हणते. आज आत बेसूर होणार, एवढं नक्की.

मास्तरीण : काय सांगणार आहेस?

गवई : ठरलंय तेच. थाप ऐकली.

मास्तरीण : ऐकलीस?

गवई : अगं, लोक उठलेले, डोक्यावरच्या बॅगा ओढतायत, एक बाळ ठणाणा करतंय. तिथं कुणी ढोल बडवला असता तरी…

मास्तरीण : ऐकलीस का?

गवई : नाही.

मास्तरीण : मग कुणासाठी सांगतोयस?

गवई : तुझ्यासाठी. आणखी कुणासाठी?

मास्तरीण : माझ्यासाठी, की अंगठ्यासाठी?

मॅडम : अंगठ्याचं काय?

गवई : काही नाही, मॅडम. चहा गार होतोय.

मास्तरीण : हात खटक्यावर ठेवायचा, पण हलवायचा नाही. समोरच्या जोडीदारानं वळून बघायचं, हात योग्य जागी आहे ना. असेल तर त्यानं अंगठा दाखवायचा. मगच हलवायचं. मी दांड्यावर हात ठेवला आणि यानं अंगठा दाखवला.

मॅडम : दांड्यावर हात दिसत असताना?

गवई : दिसत असता तर दाखवला असता का? मी वळलोच नाही. माझ्या दाराकडे तोंड, आणि हात मागे करून अंगठा. सगळे तसंच करतात, मॅडम. आणि मास्तरणीच्या दाराकडे बघायचं कशाला? सूर्य उगवला का, हे रोज बाहेर जाऊन कोण तपासतं?

मास्तरीण : हे तू आपण होऊन सांगशील, म्हणून मी गप्प होते.

गवई : घरात पाळणा आणून ठेवलाय गं. पुढच्या महिन्यात बायको बाळंत होईल.

मास्तरीण : त्या शिडीवाल्याची धाकटी दवाखान्यात खाटेखाली चपलांशी खेळत होती. बापाला कुठं लागलंय ते तिला माहीत आहे. बापावर काय ढकललंय, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

मॅडम : आता माझं ऐका दोघं. तुम्ही दोघं गेलात, तर दाराला कोण उरेल? नवखी पोरं. पिशव्या त्यांच्याही हातात असतील. तुमच्यासारखी माणसं राहिली तर विमान सुरक्षित राहील. मी त्यासाठी धडपडतेय.

मास्तरीण : थाप पडली, असं एकदा लिहून झालं की पिशवी सुटली, अंगठा सुटला, मी सुटले. सुधारायचं काय उरलं? शिडीवाल्यांना सांगायचं, हात आवरा. ज्यांनी हात लावलाच नव्हता त्यांना. आणि उद्या तुमचं ते नवखं पोर पिशवी धरून दारापुढे उभं राहील, समोरचा पाठमोरा अंगठा दाखवेल आणि खाली दुसरा कुणीतरी शिडी लावत असेल.

मॅडम : पिशवीचं तरी आत काढू नकोस. एवढं माझं ऐक.

मास्तरीण : काढणार.

मॅडम : माझी सही आहे त्यावर.

मास्तरीण : तुमची सही आहे, म्हणूनच आधी तुम्हाला सांगतेय. दुसऱ्या कुणाची असती तर सरळ आत गेले असते.

मॅडम : शिकवलं मी, आणि आता मलाच.

मास्तरीण : शिकवलंत म्हणूनच बोलायला अडखळतेय. नाहीतर केव्हाच बोलून मोकळी झाले असते.

गवई : मॅडम, आधी मला आत पाठवा.

मॅडम : क्रम तिचा आहे.

गवई : तिच्यानंतर बोललो तर म्हणतील, हिनं पढवलं. आधी गेलो तर निदान माझं म्हणणं माझंच राहील. थाप ऐकली नाही आणि मान वळवली नाही. दोनच वाक्यं आहेत. गाऊन म्हणायची गरज नाही.

मास्तरीण : घरी काय सांगशील?

गवई : काय सांगणार. घरी ती माझ्यावर डाफरेल, मग माझ्या बाजूनं तुमच्या सगळ्यांवर डाफरेल. तुझा चहा राहिला बघ.

मॅडम : जा. मी त्यांना सांगते, क्रम बदललाय.

मास्तरीण : तोवर मी एक फोन करते.

मॅडम : आत्ता? कुणाला?

मास्तरीण : दवाखान्यात. (फोनवर) वहिनी, मी बोलतेय, परवा आले होते ती. झोपलेत का? नाही, उठवू नका… बरं, जागे असतील तर द्या. दादा, जेवलात? दुखणं कसं आहे? नाही, माझ्या नोकरीचं राहू द्या, ते मी बघेन. एक सांगायचं परवा राहून गेलं. दार तुम्ही वाजवलं नव्हतं. हो. अगदी नक्की. मी आत होते.