निरोपाचं इन्सुलिन

आमच्या वार्डातल्या जावांचं सांगतलं काय तुमाले? अकोल्यात मी वार्डाची इनचार्ज. सुनंदा अन् तिची धाकटी जाऊ रेखा, दोघी माह्याच हाताखाली नर्स. घरच्या भांडणापायी दोघीत अबोला. आता इन्सुलिनचा नियम असा, का एकीनं भरायचं अन् दुसरीनं सिरिंज पाहून मोठ्यानं सांगायचं. जास्त गेलं तं माणूस हातचा जाते! मंग ह्या बोलत कशा? तं खाटेवरच्या पेशंटमार्फत. मी किती ओरडली, पण आयकते कोण?

त्या सकाळी खाटेवर पातूरची भाजीवाली आजी होती. रेखा म्हणे, "आजी, त्यायले सांगा, दहा युनिट भरलं."

आजी सुनंदाले म्हणे, "ते म्हणते, दहा हाय."

सुनंदानं सिरिंज पाहिली. "तिले सांगा, हे वीस हाय."

आजीनं हात पदराखाली ओढून घेतला. "हा निरोप मी नाई देत. सुई माह्या अंगात जाऊन राहिली. तुमीच बोला एकमेकीशी!"

रेखाचा चेहराच उतरला. "ताई, चुकलं माह्यं. तुमी पाहिलं म्हणून..."

सुनंदा तिले म्हणे, "रडू नको. दुसरी सिरिंज घे, दोघी मिळून पाहू."

भरल्यावर दोघी एकदमच बोलल्या, "दहा."

तवा कुठं आजीनं हात पुढं केला. "हं, आता टोचा."