एका कुरणाचे दोन कैवारी

मंडळी, ऐका! आधी एक कोडं सोडवा. चार चोर एका रात्रीत एक होतात — मग दोन भली माणसं जन्मभर एक का होत नाहीत? हं? हसू नका! चोराला माल वाटून घेता येतो हो. मोठेपणा कसा वाटायचा?

देश स्वतंत्र झाला आणि पहिली मोठी निवडणूक आली. खानदेशातल्या एका तालुक्यात रावसाहेब उभे राहिले. कोण रावसाहेब? इंग्रजांच्या फौजदाराला पंगतीत शेजारी बसवून जेवू घालणारे! नदीकाठचं गावाचं कुरण त्यांनी तारा ठोकून गिळलं होतं. गुरं राखून जगणारी माणसं — तारेबाहेर!

त्यांच्या विरोधात कोण? त्र्यंबकभाऊ आणि हिलालअण्णा. बेचाळीसच्या मोर्चात दोघं बरोबर, तुरुंगात एका घोंगडीखाली! आता पक्ष दोन झाले. वचन मात्र एकच — 'कुरण सोडवू!' अहो, वचन एक, तर उमेदवार दोन कशाला? विचारायचं कुणी?

विचारलं ठगूमायनं. तिचा एकुलता एक लेक, बारकू, त्याच मोर्चात गोळी लागून गेला होता. त्याच्या तिरडीला खांदा दिला तो या दोघांनी. म्हातारीनं दोघांना मारुतीच्या पारावर आणून बसवलं.

"एकानं मागं व्हा रे. नाहीतर आमचं कुरण गेलं."

हिलालअण्णा विरघळले. म्हणाले, "होतो मी मागं! पण यानं भरसभेत सांगावं, मोर्चात झेंडा माझ्या हातात होता."

त्र्यंबकभाऊ ताडकन उठले. "तुझ्या? झेंडा माझ्या हातात होता!"

ठगूमाय हळूच म्हणाली, "झेंडा माझ्या बारकूच्या हातात होता, बाबांनो."

मंडळी, धरणी दुभंगायला हवी होती! दोघांच्या माना खाली गेल्या. आता पाया पडतील, गळ्यात पडतील... नाही हो. त्र्यंबकभाऊ या अंगाला उतरले, हिलालअण्णा त्या अंगाला. मागं कुणीच झालं नाही!

मतदान आलं. तेव्हा ज्या त्या उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चित्र. चिठ्ठी आत टाकायची, झालं. मोजणीला पेट्या उघडल्या — तर त्र्यंबकभाऊंच्या कंदिलाच्या पेटीत अर्धी चिठ्ठी, हिलालअण्णांच्या तराजूच्या पेटीत उरलेली अर्धी! मोजणीचे साहेब म्हणाले, "फाटकी चिठ्ठी बाद." ठगूमायनं लपवलं नाही. "काय करू? दोघांनी माझ्या लेकाला खांदा दिला होता. कुणाला टाकू?"

निवडून कोण आलं? रावसाहेब! या दोघांच्या मतांची बेरीज त्यांच्याहून कितीतरी जास्त. पण बेरीज करणार कोण?

तारा हलल्या नाहीत. चाऱ्यावाचून गुरं हाडकली, बाजारात कवडीमोलानं गेली. माणसं परमुलखात पांगली. ठगूमाय बोचकं घेऊन निघाली, तेव्हा वेशीजवळ दोघं उभे. एक रस्त्याच्या या कडेला, एक त्या कडेला.

"माय, चुकलो," त्र्यंबकभाऊ म्हणाले.

"माय, चुकलो," हिलालअण्णाही म्हणाले.

"मला कशाला सांगता? एकमेकांना सांगा की!"

म्हातारी थांबली, दोघांच्या तोंडाकडं पाहत. बराच वेळ थांबली हो! शेवटी बोचकं डोक्यावर घेऊन चालू लागली. ती दिसेनाशी झाली तरी दोघांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मरेपर्यंत फुटला नाही!

डोळे पुसताय? पुसा. पण मग सांगा, या गावात यंदा सप्त्याचे मांडव दोन का? निम्मं गाव इथं, निम्मं ओढ्यापलीकडं! हे टाळ ऐकू येताहेत ना — ते तिकडचे आहेत. देव तोच, अभंग तोच. जा ना कुणीतरी, घेऊन या त्यांना! मी थांबतो. उठा...

कुणीच उठत नाही?

मग पांडुरंगा, यांच्यापुढं तुझं नाव तरी मी कोणत्या तोंडानं घेऊ?