लिंबावरून गाडी

हॅलो?… हां अनुया, बोल… नाही गं, झोपले नव्हते. दुपारी कुठली झोप… आला, आला फोटो. फ्लेक्सचा ना? बघितला.

छान आहे… नाही, आवाज असाच आहे माझा… अगं ऐक ना. छापायला दिलास का?… उल्हासनगरला? मग त्याला फोन कर, थांब म्हणावं. जरा थांब.

काय झालं म्हणजे… ते वर काय लिहिलंयस? 'रेसिंग चॅम्पियन यज्ञेश'. अनु, तुझ्या भावाने एक तरी शर्यत केली होती का?… हो, गाडी शर्यतीचीच. पण टेस्ट ड्रायव्हर होता तो. शर्यतीआधी गाडी पळवून बघणारा. आणि हातात तो कप कुणाचा चिकटवलाय?… गूगलवरून. बरं.

हो, हो… कळतंय मला. प्रेमानेच केलंयस… नाही गं, वहिनी रागावली नाहीये…

काय म्हणालीस?… परत बोल.

काहीच जिंकला नाही, मग लिहायचं काय. असं ना?

रडू नकोस. हा प्रश्न मलाही पडतो, वर्षभर पडतोय. तेराव्याला तुझे सासरे विचारत होते, बक्षिसं किती होती म्हणून. मी चहा टाकायचं निमित्त करून आत गेले. नवरा गेला आणि मी ओट्याशी उभी राहून विचार करतेय, याची बक्षिसं कुठली सांगू…

पण अनु, उद्या वर्षश्राद्धाला शौनक येतोय… तोच, यज्ञेशच्या टीमचा. शर्यतीत गाडी चालवतो तो. स्टेशनला उतरणार आणि समोर हा फ्लेक्स. त्याला माहितीये ना खरं काय ते. त्या दिवशी ब्रेकचा पाइप फुटला, तेव्हा गाडीत यज्ञेश होता. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत शौनक बसणार होता… हो. आणि नंतर त्यांनी सगळ्या गाड्यांचे पाइप बदलले… सांगितलं होतं गं तुला. तेव्हा कोण ऐकण्याच्या अवस्थेत होतं.

अभिमान? सगळे म्हणतात, वाटायला पाहिजे. मला राग येतो… हो, तुझ्या भावाचा. त्या दिवशी सकाळी फोनवर म्हणाला, ब्रेक जरा मऊ लागतोय, अजून एक फेरी मारून बघतो. अरे, मऊ लागतोय तर उतर ना खाली. पण उतरेल तर यज्ञेश कसला…

इथे तरी काय वेगळं होतं? कुणी नवी गाडी घेतली, पूजा झाली, चाकाखाली लिंबं ठेवली, की पहिलं बोलावणं याला. लिंबावरून गाडी यानेच काढायची, तशीच बारवी धरणाच्या रस्त्याला न्यायची. परत येऊन सांगायचा, डावीकडे ओढतेय, शोरूमला परत न्या. लोक बिचारे पेढे घेऊन उभे… हो ना. तुझ्या मिस्टरांच्या स्कूटरला नावं ठेवली, तर ते आठवडाभर बोलत नव्हते.

हसलीस. बरं वाटलं.

आता नाही गं कुणी बोलवत. या घरात गाडीचा विषयच काढत नाहीत. अपशकुन वाटत असेल, नाहीतर मला वाईट वाटेल म्हणून. पेढेसुद्धा गुपचूप वाटतात… आत्ता बघ ना, खालच्या मजल्यावरच्या जितेशची नवी कार आलीये. मी खिडकीतच उभी आहे. हार घातलाय, नारळ फोडलाय, लिंबंही ठेवलीत. जितेश आत बसलाय, पण गाडी काही काढत नाहीये. बायको त्याची सारखी माझ्या खिडकीकडे बघतेय.

पडदा कशाला ओढू?…

हां, फ्लेक्सचं ऐक. फोटो राहू दे, तो कप काढ. 'चॅम्पियन' काढून 'टेस्ट ड्रायव्हर' लिही. बास… कळेल गं लोकांना. अर्ध्या बदलापूरच्या गाड्या त्याने चालवून बघितल्यात.

एक मिनिट हं, फोन धर… जितेश! ए जितेश, थांब. मी येते. चावी गाडीलाच राहू दे.

…हां, बोल. ऐकलंस ना?… हो, मीच काढणार. मला गाडी कुणी शिकवली?… कोण काय म्हणेल ते नंतर बघू. अगं, तो उतरला बघ. दार उघडं धरून उभा राहिलाय.

अनु, रडतेस काय अशी… हो, सावकाश. लिंबावरून काढते, धरणाच्या रस्त्याला एक फेरी मारते, ब्रेक दाबून बघते…

मऊ लागला तर?

तर उतरेन गं. तिथल्या तिथे उतरेन. चल, ठेवते.