बैलांची स्पॅनिश

हसू नका, पण मी बैलांसंगं बोलून स्पॅनिश शिकलो. जंगलात गाइड होतो तेव्हा स्पेनच्या पाहुण्यानं स्पॅनिश शिकाचं पुस्तक देलं. पण आमच्या सावली गावात स्पॅनिश बोलाले कोण भेटन? म्हणून धानाच्या बांधीत बैलांलेच 'वामोस', म्हणजे 'चला', म्हणत रोज चिखलणी करो.

ऐन रोवण्यात मले ताप आला. लहान भाऊ बैल घेऊन गेला आन् बोंबलत परतला.

"भाऊ, तुमच्यासारखंच 'वामोस' म्हटलं, तरी हालून नाई राह्यले!"

"संगं 'पोर फावोर' म्हटलं का?"

"ते काय असते?"

"मेहरबानी करून."

बायको चुलीपासून उठली. "बैलाले मेहरबानी करून? मले तं पंधरा वर्षांत एकदाबी नाई म्हटलं!"

मी म्हटलं, "चहा दे."

ती जागची हालली नाई.