बॅटरीवरचा आवाज

साहेब : ...आणि चालत्या गाडीत हे यंत्र बंद पडलं तर? ड्रायव्हिंग शिकवायच्या परवान्याचा प्रश्न आहे मास्तर, म्हणून विचारतो.

मास्तर : दुसरी बॅटरी. खिशात.

बाई : आणि तिसरी माझ्या पर्समध्ये. मी यांची बायको साहेब, आज शिकाऊ म्हणूनही मीच आलेय. ऑपरेशनमध्ये यांची आवाजाची पेटी काढली, तेव्हा विद्यार्थी सगळे पांगले. आता हे यंत्र गळ्याला टेकवलं की आवाज येतो, असा डब्यात भुंगा कोंडल्यासारखा.

साहेब : एक बॅटरी किती वेळ पुरते?

मास्तर : दिवसभर. कमी बोललो तर.

बाई : कडक थंडी असली की दुपारीच मान टाकते. पण फायदाही सांगते. या यंत्राला ओरडता येत नाही. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, मला गाडी शिकवायला बसले की पहिल्याच वळणावर खेकसायचे. मी तिथेच उतरून चालत घरी. आता ‘ब्रेक दाब’ आणि ‘चहा दे’ एकाच सुरात येतं. म्हणून तर शिकले.

मास्तर : पुरे. गाडी काढ.

साहेब : पण तुमचा एक हात कायम गळ्याशी अडकलेला.

मास्तर : उजवा मोकळा. स्टिअरिंगला पोचतो. पायाखाली माझा वेगळा ब्रेक. पुढे ट्रक उभा आहे. आरसा बघ. आता बाहेर घे. हळू.

साहेब : ठीक. गाडी जरा कडेला घ्या. मास्तर, यंत्रातली बॅटरी काढून माझ्याकडे द्या. खिशातलीही. बाई, पर्समधली पण.

बाई : म्हणजे यांचा आवाजच काढून घेताय की.

साहेब : एक दिवस तो जाणारच आहे. आज माझ्यासमोर जाऊ दे.

बाई : द्या हो, तुमच्या दोन्ही द्या. ही घ्या माझी तिसरी. आता बघा साहेब. यांनी डॅशबोर्डवर एकदा ठोकलं, मी डावीकडे वळले. दोनदा ठोकलं, उजवीकडे. आणि ही थाप पडली, थांबले. गाडीला किल्ली लावायच्या आधीचा पहिला धडा हाच. बॅटरीच्या भरवशावर कुणाचा जीव टांगायचा नाही, म्हणतात.

साहेब : तुमचा एकोणतीस वर्षांचा संसार. यांची भुवई हलली तरी तुम्हाला कळत असेल. परक्याला काय कळणार? मी परवाना देतो, पण अट घालतो. शिकवताना गाडीत तिसरा माणूस हवा. मान का हलवताय मास्तर?

बाई : नको म्हणतायत.

साहेब : मग परवानाही नाही मिळायचा.

बाई : रोज तिसरा माणूस आणायचा कुठून? ते शाळा बंद करा सांगण्यासारखंच झालं. साहेब, ऑपरेशननंतर चाळीस दिवस आमचं घर मुकं होतं. भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी मनात म्हणायचे, एकदा खेकसा हो माझ्यावर. या कामासाठी उठून बसलेत ते, हे काम मी जाऊ देणार नाही. मी उतरते. तुम्ही या स्टिअरिंगवर. परके आहात ना?

साहेब : अहो, मी वीस वर्षं गाडी चालवतोय.

बाई : मग तर सोपंच. मी मागे बसते, तोंडाला कुलूप लावून.

(गाडी पुन्हा निघते. बराच वेळ फक्त डॅशबोर्डवर ठोकल्याचा आवाज.)

साहेब : एकदा ठोकलं, डावीकडे. दोनदा, उजवीकडे. ठीक आहे, कळतंय. पण समजा शिकाऊ माणूस घाबरला, थाप पडली तरी ॲक्सिलरेटर दाबतच राहिला. हे बघा, असा...

बाई : साहेब. लागलं नाही ना कुठे?

साहेब : नाही. ती सायकल कुठून आली?

बाई : त्या गल्लीतून. एक बाई होती, मागे पोर बसलेलं. यांनी थाप मारली, तुम्ही थांबला नाहीत. मग यांनीच ब्रेक दाबला.

साहेब : मला वाटलं, माझी परीक्षा म्हणून थाप मारली. मला ती दिसलीच नाही हो.

बाई : गेली ती, सुखरूप गेली. पाणी देऊ?

साहेब : नको. मास्तर, या तुमच्या बॅटऱ्या. ती फाइल द्या इकडे. पाच वर्षांचा लिहितो, विनाअट. हं, झाली सही.

बाई : अहो, ऐकलंत ना? नुसती मान नका डोलवू. बॅटरी घाला आधी. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

मास्तर : मिळाला गं.