पडद्यावर दिसलेली ओळ

चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर सिस्टर साध्या कपड्यांत बसल्या होत्या. ज्या इंजेक्शनने पेशंट दगावला, ते त्याला चालत नाही ही नोंद त्यांनी केलीच नाही, असा ठपका होता. शेजारी येऊन टेकलेले दोघे, एक तरुण आणि त्याच्या वरिष्ठ मॅडम, दवाखान्याचा प्रोग्राम लिहिणारे होते. त्यांनी सिस्टरना कधी पाहिलं नव्हतं.

"नोंद टाकली होती, तर मग डेटाबेसच्या टेबलात का नाही?"

"नवी ओळ आधी मेमरीत बसते, मॅडम. सेव्हची कमांड गेली, तरच ती टेबलात कायमची उतरते."

"आणि ती कमांड?"

"टेस्टिंगच्या वेळी मी बंद केली होती. परत चालू करायची राहिली."

"अरे देवा! पण त्या सिस्टरने पुन्हा उघडून बघितलं असतं, तर कळलं असतं ना?"

"नसतं कळलं. प्रोग्राम चालू असेपर्यंत वाचायला मेमरीतलीच ओळ येते. संध्याकाळी मशीन बंद झालं, की गेली. सकाळच्या शिफ्टला पान कोरं."

"म्हणजे तिने दहादा बघितलं असतं तरी..."

"दहादा दिसली असती."

"आत काय सांगणार आहेस?"

"टेबल कोरं आहे, एवढंच. खोटं थोडंच आहे? कमांड तर मी कालच चालू केली."

"म्हणजे अळीमिळी गुपचिळी."

"तुम्हीही सही केलीय, मॅडम, टेस्टिंगच्या कागदावर."

"...हळू बोल."

दार उघडलं. शिपायाने विचारलं, "सिस्टर कोण?"

"मी." त्या उठल्या आणि शेजारच्या तरुणाकडे वळल्या. "दहादा नाही हो. मी तीनदाच बघितली."